न खाजणारा चट्टा

धनराजअण्णाच्या द्राक्षबागेत पहिलं डिपिंग निघालं त्या सकाळी उज्वलानं नवऱ्याचा जुना सदरा साडीवर चढवला आणि बाह्यांची बटणं मनगटाशी घट्ट लावून टाकली. बागेत राबणाऱ्या सगळ्याच बाया अंगात गड्यांचे सदरे घालत, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण डिपिंगला बाह्या कोपराच्या वर गुंडाळाव्या लागतात. डब्यात जीएचं पाणी घ्यायचं, मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं, डबा घडाखाली धरून वर न्यायचा, घड देठापर्यंत बुडवायचा, झटकायचा, की पुढचा घड. जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध. चिमूटभर भुकटी, ड्रमभर पाण्यात कालवलेली. ते पाणी मनगटावरून कोपराकडं आणि कोपरावरून काखेत उतरतं. सत्त्याण्णव सालचा तो हिवाळा कडक होता. सायखेड्याच्या अलीकडं नदीकाठाला ही बाग, आणि गोदावरीवरून येणारं वारं ओल्या सदऱ्यातून थेट बरगड्यांत शिरायचं.

टोळी लताबाईची होती. लताबाई म्हणजे पन्नाशीला टेकलेली, आवाजानं आणि अंगानं दणकट बाई. बागवाल्यांशी बोलणं तीच करायची, बायांना ओळी तीच वाटून द्यायची. तिनं ड्रममध्ये काठी फिरवली आणि म्हणाली, "चला गं, उन्हं वर यायच्या आत चार ओळी निघू द्या. मणी ज्वारीएवढा झालाय. दोन दिवस उशीर झाला तर औषध पाजून काय उपयोग नाय."

उज्वला डबा भरायला वाकली. बाही तशीच.

"अगं, बाह्या वर कर की," शेजारची सुलाबाई म्हणाली. "सगळं औषध सदराच पिऊन टाकील." आणि बोलता बोलता तिनंच उज्वलाच्या मनगटाचं बटण काढून बाही वर सारली.

हाताच्या पाठीवर तीन गोल होते. एक करंगळीच्या मुळाशी, चिंचोक्याएवढा. दुसरा मधोमध, रुपयाएवढा, कडेला बारीक बारीक तांबूस गाठींची माळ आणि मधली कातडी नेहमीसारखी. तिसरा मनगटाच्या वर, तो बिब्बा लावून भाजलेला, काळा पडलेला.

सुलाबाईनं हात असा सोडला की जणू निखारा धरला होता. "लताबाई! हिला गजकर्ण हाय!"

बाया थांबल्या. लताबाईनं काठी ड्रमला टेकवली आणि जवळ आली, पण हात लावला नाही. "कधीपासून हाय?"

"आखाडात उठलं. गजकर्ण नाय ते," उज्वला म्हणाली. "गजकर्ण खाजतं. हे खाजत नाय."

हे बोलायला नको होतं. बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं. बायांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "खाजत नाय? मंग ते दुसरंच." दुसरं म्हणजे काय ते कुणी तोंडातून काढलं नाही.

लताबाईनं तिला कडेची ओळ दिली, लिंबाच्या बाजूची. डबा वेगळा दिला आणि सांगितलं, "तू ड्रममध्ये बुडवू नकोस. सुला तुला वरून ओतून देईल." दिवसभर उज्वला ओळीच्या तोंडाशी येऊन डबा पुढं धरून उभी राहायची आणि सुलाबाई हात लांब करून, आपल्या डब्याचा तिच्या डब्याला धक्का लागू न देता पाणी ओतायची. दुपारी बाया विहिरीजवळ भाकरी खायला बसल्या तेव्हा उज्वला आपणहून बांधावर बसली. तिला बोलावलं नाही तसं कुणी हाकलूनही लावलं नाही.

*

घरात तर हे आधीपासूनच होतं. सासू कुसाबाईनं दिवाळीपासून उज्वलाचं ताट वेगळं केलं होतं. पीठ मळायला तिला बसू देत नसे. सहा वर्षांच्या तृप्तीला ती आपल्या गोधडीत घेऊन झोपायची, आणि पोर आईकडं जायला निघाली की म्हणायची, "राहू दे तिला, दमलीया ती." बिब्बा तिनंच लावला होता. फोड आला, फुटला, काळा डाग पडला, आणि डागाच्या कडेनं तो गोल पुन्हा तसाच वर आला.

त्या दिवशी बागेतली गोष्ट उज्वलाच्या आधी घरी पोचली. ती दारात आली तेव्हा कुसाबाई ओट्यावर गोधडी शिवत बसली होती. म्हणाली, "हितं बस. हात दे."

उज्वलानं हात पुढं केला. कुसाबाईनं सुई उचलली आणि मधल्या गोलावर टेकवून दाबली.

"आई गं!"

"लागलं का?"

"लागलं."

"का मला बघून म्हणतीस?" कुसाबाईनं तिचं तोंड दुसरीकडं वळवलं आणि पुन्हा टोचली. ह्या वेळी रक्ताचा थेंब आला. उज्वलानं ओठ चावला पण हात ओढून घेतला नाही. हात ओढला असता तर बरं झालं असतं, हे तिला नंतर कळलं, कारण कुसाबाई सुईकडं बघत पुटपुटली, "नीट लागलं नाय तुला."

"आत्याबाई, लागलं म्हणते ना!"

"माझ्या माहेरी एक जण होता. त्यालाही आधी असंच गोल उठलं होतं आन् खाजत नव्हतं. त्याला मळ्यात खोपीत ठेवला. तिथंच गेला तो." कुसाबाईनं सुई पदराला पुसली, मग विचार बदलून ती सुईच चुलीत टाकली.

उज्वलाचा नवरा केरू अंधार पडायच्या सुमारास आला. केरू धनराजअण्णाकडं ट्रॅक्टरवर होता, फवारणीही तोच करायचा. त्याच्या कानावरही आलं होतं. तो बराच वेळ पायावरची माती खरवडत बसला. मग बायकोकडं न बघता म्हणाला, "उद्या नाशिकला जाऊ. अण्णाला सांगून आलोय."

*

शालिमारजवळ एका जिन्यावर चामडीच्या डॉक्टरीणबाई बसत. बाकावर मान खाली घालून बसलेली माणसं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या अंगावर कुठं काय आहे ते चोरून बघणारा. उज्वलानं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात सरळ आपल्या हातात घेतला. उज्वला दचकली. आखाडापासून तिचा हात कुणी असा धरला नव्हता. बाईंनी गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं, उजेडाकडं वळवून बघितलं. "कोंडा नाही. खाज?"

"नाय."

"आणि हे काळं?"

"बिब्बा लावला," केरू म्हणाला.

"कुणी सांगितलं बिब्बा लावायला?" बाई चिडल्या. मग त्यांनी कापसाची बारीक वात वळली. "डोळे मीट. कापूस जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

उज्वलानं डोळे मिटले. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते. काहीच लागेना. तिच्या कपाळावर घाम फुटला. लागत नाही. आत्याबाई म्हणत होती तेच खरं. खोपीतला तो माणूस तिनं कधी बघितला नव्हता, पण आता तो तिला दिसायला लागला. "बाई, मला काय—" तिनं तोंड उघडलं.

"अजून लावलाच नाही मी," बाई म्हणाल्या. "गप्प उभी राहा."

आणि मग लागलं. पिसासारखं, मुंगी चालल्यासारखं. मधल्या गोलावर. करंगळीच्या मुळाशी. काळ्या डागाच्या कडेला. प्रत्येक वेळी तिचं बोट बरोबर त्या जागी गेलं. डोळे उघडले तेव्हा केरू भिंतीला टेकून उभा होता आणि त्यानं तोंडावर रुमाल धरला होता.

"महारोग नाही. गजकर्णही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही त्याला थोडक्यात जी.ए. म्हणतो. लागट नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. औषधाची गरज नाही, आपोआप जाईल. वर्ष लागेल, दोनही लागतील. भाजलेल्यावर तेवढं मलम लिहून देते."

केरू मलम आणायला खाली गेला. उज्वला पायरीपर्यंत गेली आणि परत आली.

"बाई, ते जीए तर आम्ही रोज हातावर घेतो. द्राक्षाला. त्यानंच झालं का?"

बाई आधी समजल्या नाहीत. समजल्यावर हसल्या. "नाही गं. नुसतं नाव सारखं झालं. तुमचं जीए वेगळं, हे वेगळं."

"मंग कशानं झालं?"

"ते नीट कुणालाच ठाऊक नाही. काहींना होतं आणि जातं." मग त्यांनी तिची बोटं उलटी केली. पेरांना उभ्या चिरा होत्या, नखांच्या कडा खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. "ह्या चिरा मात्र औषधांच्या आहेत. हातमोजे घालत नाही कुणी?"

उज्वलानं नुसती मान हलवली. द्राक्षाच्या बागेत हातमोजे, ही गोष्ट तिनं कधी ऐकलीही नव्हती.

परतीच्या एसटीत केरू तिच्या अंगाला अंग लावून बसला. बाक तिघांचा होता, तिसरा कुणी नव्हता, तरी तो सरकला नाही. सीबीएसच्या स्टँडवरून सुटून गाडी औरंगाबाद रोडला लागल्यावर तो म्हणाला, "जीए म्हणाली ना ती?"

"व्हय."

"म्हंजी आपलंच जीए की. तरी मी म्हणत होतो." त्यानं तिच्या मांडीवरचा हात उचलून बघितला, भीत भीत अंगठा फिरवला. "तुझा काय दोष नाय त्यात. औषधाचा दोष."

ती सांगायला वळली. पण त्याचा अंगठा अजून तिथंच होता. घरी गेल्यावर सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

*

घरी सांगायला जागाच उरली नाही. "महारोग नाय, जीएचं झालंय," एवढं ऐकताच कुसाबाई देवापुढं जाऊन कपाळ टेकवून आली, आणि पदर सावरत सरळ गल्लीत उतरली. घरोघरी गेली. सुनेला तोंड लपवावं लागलं होतं तेवढं सगळं तिला एका संध्याकाळी भरून काढायचं होतं. "औषधानं झालं म्हणती डॉक्टरीण! राबून झालं माझ्या सुनेला! आन् तुम्ही बोटं मोडत होता!" त्या दिवशी भाकरी उज्वलानं थापली. तृप्ती तिच्या मांडीवर जेवली.

दुसऱ्या दिवशी बागेत घडांची विरळणी होती. उज्वला बिचकतच गेली. सुलाबाई समोरून आली, क्षणभर घुटमळली, मग आपला पाण्याचा तांब्या तिच्यापुढं केला. "घे. माझ्या मनात तसं काय नव्हतं बाई, तोंडातून निघून गेलं."

उज्वलानं तांब्या तोंडाला लावला. ते पाणी गळ्याखाली उतरलं आणि खरं बोलायची वेळ तिथंच निघून गेली.

लताबाई मात्र नुसतं हळहळून थांबणारी नव्हती. दुपारी तिनं सगळ्या बायांना हात उताणे करायला लावले. चिरलेली पेरं, काळवंडलेल्या रेघा, सोललेली नखं. "हे आधी हिला झालं. उद्या आपल्याला व्हईल. मी आठ वर्षं त्या पाण्यात हात घालती. पुढच्या डिपिंगला हातमोजे असतील तरच ड्रमला हात लावायचा. आन् हिचं औषधपाणी अण्णानं करायचं."

"लताबाई, माझं राहू द्या," उज्वला म्हणाली.

"तू गप. तुझ्या एकटीचं नाय हे."

आठवड्यानं मणी हरभऱ्याएवढे व्हायला आले आणि दुसऱ्या डिपिंगची वेळ झाली. ड्रम भरला, भुकटी कालवली गेली, बाया ओळीच्या तोंडाशी आल्या आणि हात बांधून उभ्या राहिल्या. धनराजअण्णा मोटरसायकलवरून उतरला. चाळिशीचा, अंगानं सडसडीत माणूस. शिवी देत नसे, पण आवाज चढला की नोकरमाणसं हातातलं काम सोडून उभी राहत. त्यानं लताबाईचं सगळं ऐकून घेतलं.

"मोजे घालून घड धरता येतो का? देठ मोडतील, मणी गळतील."

"हात गळाले तर चालतील व्हय?" लताबाई म्हणाली.

धनराजनं शर्टाची बाही सारली आणि कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घातला. "हे बघा! काय झालं मला?"

"तुम्ही आज घातला, अण्णा. आम्ही आठ वर्षं घालतोय."

बाया हसल्या. ते हसणं वाईट झालं. धनराजच्या कोपरावरून पाणी गळत होतं आणि तो कुणाकडंही न बघता म्हणाला, "ठीक हाय. मला दुसऱ्या बाया मिळतील." मग त्यानं ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या केरूला बोटानं बोलावलं.

काय बोलणं झालं ते केरूनं घरी येऊन सांगितलं. भाकरीला हात न लावता तो म्हणाला, "अण्णा म्हणत्यात, हे तुझ्या घरातून निघालं, तुझ्याच घरानं मिटवायचं. पेठकडची टोळी आणायला टेम्पो पाठवलाय. सकाळी सगळ्यांसमोर तू म्हणायचं, जीएनं नाय झालं. नायतर ट्रॅक्टरची चावी ठेवून जा म्हणाले."

उज्वलानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"खोटं बोलायला सांगतोय ते मलाबी कळतं," केरू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "डॉक्टरीण जीए म्हणाली ते मी माझ्या कानानं ऐकलं. पण आपलं पोट त्या चावीवर हाय."

तिला हसावं का रडावं कळेना. नवरा खोटं म्हणून जे बोलायला सांगत होता तेच खरं होतं. आणि आता ते खरं बोललं तर गाव म्हणणार, चावीपायी विकली गेली. आठ दिवसांपूर्वी तेच बोललं असतं तर चार बायांनी तोंड वाकडं केलं असतं, एवढंच.

"लताबाईला काय तोंड दाखवू?" ती म्हणाली.

"ते मला नाय ठाऊक," केरू म्हणाला आणि ताट सारून उठला.

*

सकाळी बागेच्या फाटकापाशी टेम्पो उभा होता. पेठच्या डोंगरातल्या बाया उतरून धुक्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. गाठोडी पायाशी, एकीच्या कडेवर लेकरू, सगळ्यांच्या पायांना कोरड्या मातीच्या भेगा. रात्रभराच्या प्रवासानं त्यांचे डोळे तारवटलेले होते. लताबाईची टोळी फाटकात आडवी उभी होती. आत ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून केरू, आणि त्याच्या पुढं धनराज.

"लताबाई, वाट सोडा," धनराज म्हणाला. "मी कुणाला अडवत नाय, तुम्ही मला अडवू नका. घड आज बुडाले नाय तर वर्ष गेलं माझं."

"ह्यांना सांगितलंय का, कशात हात घालायचाय ते?" लताबाईनं पेठच्या बायांकडं हात केला. "सुला, दाखव त्यांना."

सुलाबाईनं उज्वलाचं मनगट पकडलं. ज्या हाताला ती शिवत नव्हती तोच हात आता तिनं गच्च धरला, बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि बाजारात कोंबडी दाखवावी तसा पेठच्या बायांपुढं धरला. "हे बघा! हे असं व्हईल तुम्हाला! फिरवून बघा, भिऊ नका!"

बाया पुढं वाकल्या. कडेवर लेकरू असलेलीनं त्याचं तोंड आपल्या पदरात लपवलं. "आम्हाला कुणी सांगितलं नाय गं बाय," ती म्हणाली. तिनं गाठोडं उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं. "घरी दाणा नाय. माघारी तरी कसं जायचं?" ती उज्वलाच्याच तोंडाकडं बघत होती, जणू उत्तर तिच्याकडं होतं.

सुलाबाईची नखं मनगटात रुतली होती. भाजलेल्या डागावर. उज्वलानं एकदा केरूकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"सोड," ती म्हणाली.

"काय?"

"हात सोड माझा." तिनं झटका देऊन सोडवून घेतला. "हे जीएनं नाय झालं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही.

"हे मलम आणायला खाली गेले तवा मी डॉक्टरीणबाईला विचारलं. त्या म्हणाल्या, नाव सारखं हाय, बाकी काय नाय. कशानं झालं ते त्यांनाबी ठाऊक नाय. लागट नाय, औषधाचं नाय." एका दमात बोलली ती. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

केरूनं मान वर केली. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"चावीपायी!" सुलाबाई ओरडली. "नवऱ्याच्या चावीपायी विकली गेली ही!" आणखी दोघीचौघी बोलायला लागल्या. लताबाईचा चेहरा मात्र कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखा झाला होता, आणि उज्वलाला त्याच चेहऱ्याची सगळ्यात जास्त भीती वाटली होती.

धनराजनं श्वास सोडला. "झालं? ऐकलंत ना सगळ्यांनी?" तो हसत पुढं आला. "चल उज्वला, तू ओळ धर. बाकीच्यांचं बघू."

"माझं संपलं नाय, अण्णा."

तो थांबला.

उज्वला लताबाईजवळ गेली. लताबाईनं हात मागं घेतला, पण उज्वलानं तो धरला आणि पेरं वर करून धरली. चिरांत रात्रीचं तेल भरलेलं होतं, एक चीर ताजी, लाल. "हे मात्र औषधाचं हाय. हेबी बाईंनीच सांगितलं. माझ्या हातावर जे हाय ते कशाचं हाय ते देवाला ठाऊक. ह्यांच्या हातावरचं कशाचं ते तुम्हालाबी ठाऊक हाय. मोजे आणल्याशिवाय मी ड्रमला हात लावणार नाय."

लताबाईनं हात सोडवून घेतला. "आता कोण ऐकंल तुझं?" ती हळू आवाजात म्हणाली. "सगळं मातीत घातलंस." आणि ती वळून चालायला लागली. तिच्या मागं एकेक करून सगळी टोळी गेली. फाटक मोकळं झालं.

पेठच्या बाया एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग लेकरू असलेलीनं ते पाठीला बांधलं, गाठोडं लिंबाखाली ठेवलं आणि आत शिरली. बाकीच्या तिच्या मागून गेल्या. ड्रममध्ये हात घालण्याआधी तिनं बोट बुडवून वास घेतला, एवढंच.

*

चावी धनराजनं मागितली नाही. पण केरू चार दिवस बायकोशी बोलला नाही. पाचव्या दिवशी चाऱ्याच्या भाऱ्यावर बसून तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस. मी तुला खोटं बोलायला लावतोय म्हणून जळत होतो, आन् तू गंमत बघत होतीस."

"गंमत नव्हती," ती म्हणाली. "एसटीत तुम्ही हात धरला. मला वाटलं, सांगितलं तर सोडाल."

तो उठून चारा मोकळा करायला लागला. कुसाबाईनं मात्र दुखणं वेगळंच काढलं. "जीएचं म्हणलं असतंस तर काय बिघडत होतं? राबून झालेला रोग म्हणून सांगता येत होतं चार माणसांत. आता काय सांगू? कशानं झालं ते ठाऊक नाय म्हणून?" ताट तिनं पुन्हा वेगळं केलं नाही, पण पोरीला अधूनमधून हाक मारून आपल्याकडं बोलवायची.

धनराजच्या बागेत अर्धे घड वेळेत बुडाले, अर्धे उशिरा. शेवटच्या दिवशी त्यानं सायखेड्याहून रबरी हातमोजे आणले. ते गड्यांच्या मापाचे होते. पेठच्या बाया ते मनगटाशी सुतळीनं बांधून काम करत होत्या, असं केरूनं सांगितलं. का आणले ते अण्णा बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही. लताबाईच्या टोळीला त्यानं त्या हंगामात पुन्हा बोलावलं नाही. टोळी नदीपलीकडच्या बागांना जाऊ लागली. सकाळी एक टेम्पो मारुतीच्या पाराजवळ येऊन बायांना घेऊन जायचा.

संक्रांतीपर्यंत उज्वला घरी बसली. शेण काढलं, गोवऱ्या थापल्या, घराच्या भिंती सारवल्या. वाटेत बाया दिसायच्या आणि बोलता बोलता गप्प व्हायच्या. आता रोगाची भीती नव्हती, हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. हे दुसरं होतं, आणि ह्याला डॉक्टर नव्हता.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी तिनं भाकरी फडक्यात बांधली, सदरा चढवला आणि पारापाशी जाऊन उभी राहिली. बाह्या गुंडाळलेल्याच ठेवल्या. बाया आल्या, तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करून टेम्पोत चढल्या. ती जागची हलली नाही. ड्रायव्हरनं भोंगा दिला.

लताबाई शेवटची चढली होती. ती फळीला धरून उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "कुठं निघालीस?"

"तुम्ही न्याल तिथं."

"खरं होतं ना ते? फाटकातलं?"

"व्हय."

"मंग आठ दिवस आधी का नाय बोललीस? माझं नाक कापून घेतलंस तू."

"चुकलं माझं," उज्वला म्हणाली. "माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मंग सगळ्या बोलायला लागल्या."

लताबाईनं दूर नदीकडं बघितलं. ड्रायव्हरनं पुन्हा भोंगा दिला. टेम्पोत कुणीतरी खोकलं. "पलीकडच्या मालकाला मी आधीच सांगितलंय," ती म्हणाली. "मोजे पाहिजेत म्हणून. बायांच्या मापाचे. तो हो म्हणाला नाय अजून, पण नायबी म्हणाला नाय. चिरा दाखवल्या मी त्याला." तिनं उज्वलाच्या उघड्या हाताकडं बघितलं. "तुझे गोल नाय दाखवायचे. नुसत्या चिरा."

"बरं."

"चढ मंग. उशीर होतोय."

फळी उंच होती. उज्वलानं भाकरीचं फडकं आत टाकलं आणि धरायला जागा शोधायला लागली. लताबाई वाकली आणि हात खाली केला. तिची मूठ मनगटाच्या वर, बरोबर गोलावर बसली. ती मूठ सैल झाली नाही. खडबडीत, चिरलेली बोटं कातडीत रुतली, आणि तिनं जोर लावून उज्वलाला वर ओढून घेतलं.

आत झुंबरबाई म्हणून एक म्हातारी बसली होती, तिनं उज्वलाचा धक्का लागू नये म्हणून पाय आखडून घेतले आणि कोपऱ्यात सरकली.

"तिचं ऱ्हाऊ दे," लताबाई म्हणाली. "तू हितं माझ्याजवळ बस."

टेम्पो हलला.